बंद पडलेला इलेक्ट्रिक टूथब्रश: घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

इलेक्ट्रिक टूथब्रश बंद पडला की कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला तो उलटसुलट करून बघतो आणि ‘याचे पार्ट मिळत नाहीत’ म्हणून परत देतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. गिअर, दांडा, सर्किट बोर्ड असे आतले भाग कंपन्या सुटे विकत नाहीत. पण बऱ्याच बंद ब्रशना आतला भाग लागतच नाही. दुखणं चार्जरमध्ये असतं, साचलेल्या पेस्टमध्ये असतं किंवा सेलमध्ये असतं, आणि या तिन्हींवर घरी इलाज करता येतो.

पथ्य एकच: बाहेरून आत या. हँडल उघडणं ही शेवटची पायरी. उघडणं फारसं अवघड नाही, पण उघडलेला ब्रश पुन्हा पाणी न शिरेल असा बंद करणं हे खरं काम आहे आणि घरगुती दुरुस्त्या तिथेच फसतात.

सुरुवात बिल शोधण्यापासून करा. नावाजलेल्या कंपन्यांच्या ब्रशला आपल्याकडे सहसा दोन वर्षांची वॉरंटी असते. मुदत बाकी असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि कंपनीला फोन करा, कारण हँडल उघडलं की वॉरंटी गेली.

१. ब्रश कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

गोल, छोट्या डोक्याचा ब्रश डावी-उजवीकडे अर्धवट फिरतो. ओरल-बीची व्हायटॅलिटी किंवा प्रो मालिका या जातीची. आत साधी डीसी मोटर आणि तिच्या पुढे प्लास्टिकचे गिअर असतात.

लांबट डोक्याचा ब्रश सोनिक. फिलिप्स सोनिकेअर आणि त्याच धर्तीचे बाकीचे यात येतात. यात फिरणारी मोटर नसते. विद्युतचुंबक दांड्याला थरथरवतो. सोनिकेअरची डोकी मिनिटाला सुमारे ३१,००० फटके मारतात, आणि एवढ्या थरथरीने आतले स्क्रू सैल होतात. हे पुढे उपयोगी पडेल.

ओरल-बी आयओचं डोकं गोल असलं तरी आतली रचना चुंबकीय आणि दाटीवाटीची आहे. हातात सोल्डरिंग गन पहिल्यांदाच धरत असाल तर आयओच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी जात पेन्सिल सेलवर चालणाऱ्या स्वस्त ब्रशची. त्याचं इथेच उरकून घेऊ. सेलचं झाकण काढा. स्प्रिंगवर किंवा पत्र्यावर पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. अल्कलाइन सेलमधून गळणारं रसायन त्वचेला चावतं, तेव्हा हातमोजे घाला. इअरबड व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून भुकटीवर फिरवा, ती विरघळेल. मग स्पिरिटने पुसा आणि पत्रा चमकेपर्यंत बारीक पॉलिश पेपरने घासा. दबलेली स्प्रिंग चिमट्याने थोडी वर ओढा. दोन सेल लागत असतील तर दोन्ही नवे घाला. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावली की जुना लवकर गळतो. एवढ्यावर चालला नाही तर नवा ब्रश घ्या. या ब्रशच्या किमतीत आणखी मेहनत परवडत नाही.

२. बिघाड नसलेले बिघाड वगळा

ब्रश मधेच क्षणभर अडखळतो? दर ३० सेकंदांनी असं होत असेल तर तो जबड्याचा पुढचा भाग घ्यायची खूण देतोय. दोन मिनिटांनी आपोआप थांबणं, ही दंतवैद्य सांगतात ती वेळ.

दाताला लावल्यावर गती कमी होते आणि लाल दिवा लागतो? तुम्ही जोराने दाबताय. बरेच ब्रश दाब ओळखून मुद्दाम मंदावतात.

नवीन सोनिकेअर मिळमिळीत वाटतो? काही मॉडेलांत पहिल्या १४ वापरांत जोर हळूहळू वाढवण्याची सोय असते, हिरड्यांना सवय व्हावी म्हणून. पंधराव्या वेळेपासून तो पूर्ण जोराने चालतो.

बटण दाबल्यावर नुसता दिवा लुकलुकतो किंवा बारीक आवाज येतो? प्रवासात बॅगेत आपोआप चालू होऊ नये म्हणून असलेलं लॉक लागलेलं असू शकतं. बटण तीन-चार सेकंद दाबून धरा, किंवा ब्रश चार्जरवर ठेवा. बऱ्याच मॉडेलांत तेवढ्याने लॉक सुटतं. गावाहून परत आल्यावर ‘मेलेला’ ब्रश पुष्कळदा असा जिवंत होतो.

आणि महिनोन्महिने कपाटात पडलेला ब्रश चार्जरवर ठेवल्या ठेवल्या दिवा दाखवेलच असं नाही. सेल पार उतरला असेल तर अर्धा तास काहीच दिसत नाही. निकाल देण्याआधी त्याला पूर्ण २४ तास चार्जरवर राहू द्या.

३. चार्जर तपासा

हसू येईल, पण सुरुवात भिंतीवरच्या बटणापासून. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं आणि न्हाणीघरात ते गीझरच्या बटणाशेजारीच असतं. ‘लाइट बिल वाचवायला’ कोणीतरी दोन्ही बंद करून जातं. दुसरं, गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये ब्रशचा बारीक दोन पिनांचा प्लग सैल बसतो. दुसऱ्या खोलीतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावून बघा.

आता चार्जर उलटा करून तळावरचा मजकूर वाचा. अमेरिकेहून कोणी ब्रश आणला असेल तर हे आधी करा. तिथल्या कित्येक चार्जरवर फक्त ११० ते १३० व्होल्ट लिहिलेलं असतं. पिन बदलणारं अ‍ॅडॉप्टर लावून तो आपल्या २३० व्होल्टवर जोडला की चार्जर जळतो. अ‍ॅडॉप्टर पिनांचा आकार बदलतं, व्होल्टेज नाही. तळावर १०० ते २४० लिहिलं असेल तर चिंता नको. जळलाच असेल तर घाबरू नका. ब्रश आणि चार्जर यांच्यात तारेचा संबंध नसतो, त्यामुळे ब्रश बहुतेक शाबूत असतो. त्याच मालिकेचा २३० व्होल्टचा चार्जर इथे विकत घ्या, तेवढं पुरतं. मात्र आयओचा चार्जर जुन्या ओरल-बीला चालत नाही आणि जुन्याचा आयओला नाही. उलट दिशेने, म्हणजे इथला ब्रश घेऊन अमेरिकेत गेलात, तर फक्त २३० व्होल्टचा चार्जर तिथे जळणार नाही, पण ब्रश नीट चार्जही होणार नाही.

हा चार्जर चालतो कसा ते एकदा समजून घ्या, म्हणजे तपासणं सोपं जाईल. मधल्या खुंटीच्या आत तारेची कॉइल आहे, ब्रशच्या तळाशी दुसरी. पहिलीतल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसरीत वीज तयार होते. म्हणून खुंटीवर मल्टिमीटरच्या काड्या टेकवून काहीच दिसणार नाही. तिथे टेकवायला धातूच नाही. त्याऐवजी एनॅमल (विजेला अडवणारा पातळ लेप) लावलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे तीस-चाळीस वेढे खुंटीवर सैलसर गुंडाळा, तारेच्या दोन्ही टोकांचं एनॅमल पॉलिश पेपरने खरवडा आणि ती टोकं एका साध्या एलईडीच्या दोन पायांना जोडा. मग चार्जर चालू करा. एलईडी मंद किंवा लुकलुकत का होईना पेटला, तर चार्जर जिवंत आहे. तारेची भानगड नको असेल तर त्याच मालिकेचा शेजारपाजारचा चालू ब्रश तुमच्या चार्जरवर ठेवून बघा.

जिवंत चार्जरवरही ब्रश चार्ज होत नसेल तर खुंटीभोवतीचा खळगा बघा. ओघळलेली पेस्ट आणि पाणी सुकून तिथे थर जमतो आणि ब्रश एक-दोन मिलिमीटर वर राहतो. दोन कॉइलमधलं अंतर वाढलं की चार्जिंग रखडतं. आधी प्लग काढा, मग ओल्या फडक्याने खरवडा.

चार्जर मेला असेल तर तो उघडू नका. आत २३० व्होल्ट आहेत आणि बहुतेक चार्जर कायमचे चिकटवलेले असतात. नवा घ्या.

यूएसबीवर चार्ज होणाऱ्या ब्रशची गंमत वेगळी. टाइप-सी पोर्ट असलेले काही स्वस्त ब्रश दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. अशा केबलवर पलीकडचं यंत्र वीज मागतंय हे चार्जरला कळायला ब्रशमध्ये दोन छोटे रेझिस्टर लागतात, आणि पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. एका बाजूला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल आणि साधा पाच व्होल्टचा चार्जर लावा. पोर्टच्या आत हिरवट डाग दिसले तर पाणी शिरलंय. ब्रश बंद ठेवून मऊ, कोरड्या ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा.

४. बाहेरून साफसफाई

डोकं ओढून काढा. दांड्याच्या मुळाशी, जिथे तो रबराच्या सीलमधून बाहेर येतो, तिथे पेस्टचा राखाडी थर असतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत त्यात क्षारांची भर पडते आणि दांडा अक्षरशः जखडतो. फडक्याची पट्टी व्हिनेगरमध्ये भिजवून पिळा, दांड्याच्या मुळाशी दहा मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. सुई, टाचणी, ब्लेड यांतलं काही सीलजवळ नेऊ नका. सीलला भोक पडलं की नळाचं पाणी थेट मोटरवर.

आवाज वाढला असेल तर आधी डोकं बदलून बघा. तीन महिने हे डोक्याचं नेहमीचं आयुष्य. त्यानंतर आतलं प्लास्टिक झिजून खडखडतं. बाजारात चारच्या पाकिटात मिळणारी बिनकंपनीची डोकी दांड्यावर सैल बसतात आणि आवाज ब्रशमधून येतोय असं वाटतं. डोकं आणि हँडल यांच्यात बारीक फट असते, ती मुद्दाम ठेवलेली आहे. डोकं जोराने दाबून ती बुजवलीत तर घासण्याचा आवाज सुरू होईल.

५. लक्षणावरून अंदाज बांधा

चार्जरवरून उचलल्यावर जोरात चालतो आणि मिनिटभरात मरगळतो: सेल गेला. सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण हेच, आणि दुरुस्तीला सगळ्यात योग्यही.

दिवे लागतात, आवाज येतो, पण दांडा हलत नाही किंवा हाताने धरला की थांबतो: गोल डोक्याच्या ब्रशमध्ये गिअर तुटलाय, तो मिळणार नाही. सोनिकमध्ये मात्र दांड्याचा स्क्रू सैल झालेला असू शकतो, आणि ते पाच मिनिटांचं काम आहे.

रात्री आपोआप चालू होतो, बंद करूनही बंद होत नाही, दिवे भलतेच लागतात: बोर्डावर किंवा बटणाखाली पाणी गेलंय.

२४ तास चांगल्या चार्जरवर ठेवूनही पूर्ण निपचित: सेल, ब्रशमधली कॉइल किंवा बोर्ड. हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.

उघडायचं की नाही हे किमतीवरून ठरवा. हजार रुपयांच्या आतल्या ब्रशमागे सोल्डरिंगचं सामान नव्याने घेण्यात अर्थ नाही. तीन हजारांच्या पुढच्या ब्रशचा सेल बदलणं मात्र नक्की परवडतं.

६. साहित्य

- मल्टिमीटर (स्वस्तातला पिवळा चालेल)
- २५ ते ३५ वॉटची सोल्डरिंग गन, ६०/४० सोल्डर वायर, फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात ते रसायन), जुना सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी
- बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच. त्यात चांदणीच्या आकाराची टोकं हवीतच
- जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारचं पिक, चिमटा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड
- सिलिकॉन ग्रीस
- कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर पट्टी)
- त्याच मापाचा, टॅग (टोकांना धातूच्या पट्ट्या) जोडलेला सेल (हा उघडून माप घेतल्यावरच आणा)

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सगळं एका फेरीत मिळतं. ग्रीस घेताना व्हॅसलीनवर भागवू नका; पेट्रोलियममुळे काही प्रकारचं रबर फुगून सैल पडतं. सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी पुष्कळ दिवस पुरते.

७. हँडल उघडणं

सूचनापुस्तिका टाकून दिली नसेल तर तिच्या शेवटच्या पानांवर जा. ब्रश भंगारात देताना सेल कसा काढावा याचं चित्र तिथे असतं. ते दुरुस्तीसाठी दिलेलं नाही, पण हँडल कुठून उघडतं याचा त्याहून चांगला नकाशा मिळणार नाही. फक्त त्यात हातोडी दाखवली असेल तर ती पायरी सोडा. भंगारात जाणाऱ्या ब्रशसाठी ती ठीक आहे.

आधी ब्रश बंद पडेपर्यंत चालवून सेल उतरवा. डोकं काढा, हँडल धुऊन पूर्ण कोरडं करा.

जुन्या ओरल-बीत बहुधा तळाची टोपी डावीकडे पाव फेरा फिरवून निघते. टोपी निघाली की दांडा टेबलावर टेकवून हँडल खाली दाबा. आतला सांगाडा मागच्या बाजूने घसरत बाहेर येतो. सोनिकेअरमध्ये तळाची टोपी खटक्यांवर बसलेली असते. हँडलचा खालचा भाग दोन्ही बाजूंनी दाबून किंचित लंबगोल केला की खटके सुटतात. शिकंजा वापरणार असाल तर जबड्यांमध्ये फडकं घाला आणि हळूहळू आवळा. एटीएम कार्डाचा कोपरा फटीत घालून टोपी थोडी थोडी उचला.

घाई नडते ती इथे. तळाशीच चार्जिंगची कॉइल आहे आणि तिच्या दोन तारा केसासारख्या बारीक असतात. टोपी हिसका मारून ओढली की तार तुटते आणि मग ब्रश चार्ज होत नाही. सांगाडा बाहेर येताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा: सेलचं धन टोक कुठे, रबराची रिंग कशी बसलीय, बटणाचा तुकडा कोणत्या बाजूने.

८. मोजमाप

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. सांगाडा काही तास चार्जरवर ठेवून, म्हणजे कॉइल खुंटीवर बसवून चार्ज करा, मग सेलच्या दोन टोकांवर मोजा.

सेलवर १.२ व्होल्ट छापलंय, तो निकेल-मेटल हायड्राइड. पूर्ण चार्ज झाल्यावर तो १.३ ते १.४ दाखवतो. ३.६ किंवा ३.७ छापलंय, तो लिथियम-आयन. तो भरल्यावर ४.१ ते ४.२ वर असतो.

नुसता आकडा फसवतो. म्हातारा सेलही ब्रश बंद असताना चांगलं व्होल्टेज दाखवतो. म्हणून काड्या टेकवलेल्या ठेवून ब्रश चालू करा. निकेलचा सेल लगेच १ व्होल्टच्या खाली किंवा लिथियमचा ३ व्होल्टच्या खाली आपटला, तर निदान पक्कं. ब्रश चालू असतानाही सेल टिकून राहतो आणि तरी दांडा मंद, तर सेलवर पैसे घालू नका.

सेल चार्जच होत नसेल तर मल्टिमीटर २०० ओहमवर घेऊन कॉइलची दोन टोकं मोजा. थोडे ओहम दिसले तर कॉइल शाबूत. काहीच दिसलं नाही तर तार तुटलीय. तुटलेलं टोक सापडलं तर एनॅमल खरवडून, सोल्डर लावून पुन्हा जोडता येतं.

मोटर तपासायची असेल तर गोल डोक्याच्या ब्रशमध्ये तिची एक तार बोर्डापासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तिच्या दोन टोकांना लावा. फिरली तर दोष बोर्डाचा. सोनिक ब्रशवर हा प्रयोग करू नका. तिथे मोटर नाही, नुसता एक ‘टक’ ऐकू येईल. तिथे विद्युतचुंबकाच्या कॉइलचे ओहम मोजणं हाच मार्ग.

९. सेल बदलणं

नवा सेल घेताना तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत: रसायन, माप, टॅगची दिशा. निकेलच्या जागी लिथियम बसवला तर बोर्डाला तिप्पट व्होल्टेज मिळेल आणि चार्जिंगही चुकीचं होईल. ‘जास्त पॉवर’ म्हणून हा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका. सोनिकेअरच्या बऱ्याच मॉडेलांत १४५०० मापाचा लिथियम सेल असतो, म्हणजे १४ मिमी जाड आणि ५० मिमी लांब. ओरल-बीच्या काही जुन्या मॉडेलांत ४२ मिमी लांब आणि १७ मिमी जाड असा निकेलचा सेल असतो. पण मालिकेतल्या मालिकेत मापं बदलतात, म्हणून पट्टीने किंवा व्हर्निअरने स्वतः मोजा. शोधताना जाहिरातीतलं नाव वापरू नका; हँडलच्या तळाला टाइप किंवा एचएक्स असा क्रमांक असतो, तो टाका.

१४५०० च्या सेलवर दोन-तीन हजार एमएएच छापलेलं दिसलं तर तो घेऊ नका. तेवढ्या डबीत तेवढी क्षमता मावतच नाही. सातशे-आठशे लिहिणारा विक्रेता खरं बोलत असण्याची शक्यता जास्त. विजेरीसाठी विकले जाणारे, टोकाला संरक्षक चकती असलेले सेल काही मिलिमीटर लांब असतात आणि सांगाड्यात बसत नाहीत.

आणि टॅग जोडलेलाच सेल घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना निकेलच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेल्या. साध्या सेलच्या टोकावर थेट सोल्डर मारायला जाल तर उष्णता आत जाऊन सील वितळतं. लिथियमच्या बाबतीत हे सरळ धोक्याचं आहे.

काढताना एका वेळी एकच टॅग सोडवा. जाळी जुन्या सोल्डरवर ठेवा, वर गनचं टोक दोन-तीन सेकंद, सोल्डर जाळीत शोषला जाईल. सुटलेल्या टॅगला लगेच टेप लावा, मगच दुसऱ्याकडे वळा. दोन्ही टॅग एकदम कात्रीने कापायचा मोह टाळा. कात्रीची पाती दोन्हींना एकाच वेळी टेकली की ठिणगी उडते. सेल चिकटवलेला असेल तर प्लास्टिकच्या कार्डाने सैल करा. लिथियम सेल धातूने उचकटायचा नाही, टोचायचा नाही, वाकवायचा नाही. आधीच फुगलेला दिसला तर घराबाहेर, मोकळ्या जागी काम करा.

नवा बसवताना धन-ऋण फोटोशी ताडून बघा. उलट जोडला तर बोर्ड त्याच क्षणी जातो आणि मग खरंच पार्ट मिळत नाही. टॅग जुन्याच्या लांबीएवढे कापा, बोर्डावरच्या जागेला थोडा फ्लक्स लावा, नवा सोल्डर द्या. चांगला डाग चकचकीत आणि टॅगला लगटलेला दिसतो. मळकट, गोळा झालेला डाग थरथरीत सुटणार. दुसरा टॅग जोडताच ब्रश एकदम सुरू होऊ शकतो, दचकून हातातली गन सोडू नका.

१०. सोनिकचा सैल स्क्रू, आणि पाणी गेलेला बोर्ड

सोनिक ब्रश खडखडतो आणि जोर गेला असेल तर सांगाड्यात दांडा जिथे अडकवलेला असतो तिथले स्क्रू बघा. त्यांची खाच चांदणीची असते. ते घट्ट करा. नुसते आवळले तर थरथरीने काही महिन्यांत पुन्हा सैल होतात, म्हणून स्क्रू एकदा पूर्ण काढून आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा आणि पुन्हा बसवा. तो थेंब प्लास्टिकवर ओघळू देऊ नका, प्लास्टिक तडकतं.

पाणी गेलेल्या बोर्डावर पांढरे-हिरवे डाग असतात, बहुतेक बटणाच्या आसपास. सेलचा एक टॅग सोडवूनच साफसफाई करा. आयसोप्रोपिलमध्ये बुडवलेल्या जुन्या मऊ ब्रशने घासा, मग पंख्याखाली दिवसभर ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट पीठ आत जातं. हेअर ड्रायरच्या गरम झोताने बटणाचं रबर वाकतं.

साफ करून चालू झाला तरी पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय बंद करू नका. वाटा मोजक्याच: दांड्याचं सील, बटणाचं रबर, तळाची रिंग. बटणाचं रबर उजेडासमोर ताणून धरा; चीर असेल तर ती तेव्हा दिसते.

११. पुन्हा बंद करताना

तळाची रबरी रिंग काढून पुसा. तिच्यावर केस, सोल्डरचा कण किंवा जुन्या पेस्टचा तुकडा राहिला तर तिथूनच गळती. सिलिकॉन ग्रीस बोटावर घेऊन रिंग नुसती चमकेल इतकीच लावा. थापून लावलेलं ग्रीस धूळ धरतं. रिंग चपटी झाली असेल, म्हणजे गोल कापाची राहिली नसेल, तर त्याच व्यासाची आणि जाडीची नवी ओ-रिंग घ्या. ओ-रिंग ठेवणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानात जुनी दाखवली की जोडीची मिळते.

सांगाडा सरळ आत सरकवा. मधेच अडला तर जोर लावू नका. कॉइलची तार किंवा बटणाचा तुकडा आडवा आलेला असतो. टोपी लावण्याआधी एकदा चालवून आणि चार्जरवर ठेवून बघा. टोपीचे खटके तुटले असतील तर सुपरग्लूने कायमचं चिकटवू नका. न्यूट्रल सिलिकॉन सीलंटची पातळ रेघ चालते आणि पुढे उघडायची वेळ आली तर ब्लेडने कापता येते. आंबट वास येणारं सीलंट टाळा, त्यातून निघणारं आम्ल तांब्याला खातं. सीलंट २४ तास सुकू द्या.

पहिलं चार्जिंग पूर्ण करा: निकेलच्या ब्रशला साधारण १६ तास, सोनिकेअरला २४. पहिला आठवडाभर ब्रश वाहत्या नळाखाली धरू नका. डोकं काढून वेगळं धुवा आणि हँडल ओल्या फडक्याने पुसा. मग तळाशी थेंब किंवा टोपीच्या आत धुकं दिसलं नाही तर नेहमीसारखा वापर सुरू करा. धुकं दिसलं तर चार्जरवर न ठेवता लगेच उघडा आणि रिंग पुन्हा बसवा.

काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांवर टेप लावा आणि तो ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीत दाबला गेलेला लिथियम सेल पेट घेतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर तो देऊन टाका. मेलेला चार्जर घरात असेल तर तोही त्याच फेरीत जाऊ द्या.